वॉलमनच्या बातम्या

माधवराव खटावकरांनी शिरटेकच्या नगराध्यक्षपदासाठी अर्ज भरला, ही बातमी उर्मिला सुतारला सकाळी साडेअकराला कळली आणि तिने ऑफिसात पेढे वाटले. विचारणाऱ्याला तिने सांगितलं की भाचीला मुलगा झाला. तिला भाची नव्हती.

खटावकर म्हणजे ‘दैनिक दवंडी’चे मालक. तीस वर्षं संपादकही तेच होते, अलीकडे ती खुर्ची त्यांनी मुलीला दिली होती. सगळं शिरटेक त्यांना अण्णा म्हणायचं. बावीस वर्षांपूर्वी याच पदाच्या निवडणुकीत या अण्णांनी उर्मिलाच्या वडिलांना आपल्या पेपरातून मातीत घातलं, अशी तिची खात्री होती. तेही एक खोटं अक्षर न छापता. शिव्या देणाऱ्या पेपराविरुद्ध माणूस कोर्टात तरी जातो. जो पेपर तुमच्याबद्दल सगळं खरंच लिहितो, फक्त मेल्यासारखं लिहितो, त्याच्याविरुद्ध कुठे जाणार?

उर्मिलाचे वडील नाना, म्हणजे हणमंत सुतार, नगरपालिकेचे वॉलमन. कुठल्या गल्लीचं पाणी किती वाजता सुटतं आणि कुणाच्या बंगल्यासाठी ते अर्धा तास जास्त चालू राहतं, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. नोकरीचा राजीनामा देऊन ते निवडणुकीला उभे राहिले आणि चौकाचौकात हेच सांगायला लागले. हातात वॉल फिरवायची ती लांबलचक लोखंडी चावी. “चावी माज्या हातात हुती,” ते म्हणायचे, “पर फिरवायचा हुकूम कुणाचा हुता, त्ये आज नावानिशी सांगतो.” बायका घागरी खाली ठेवून ऐकायच्या. हसायच्या, टाळ्या वाजवायच्या, मागून कुणीतरी आणखी एका बंगल्याचं नाव ओरडायचं.

‘दवंडी’त मात्र सहाव्या पानावर चार ओळी. ‘श्री. सुतार यांनी पाणीपुरवठ्याबाबत आपले मत मांडले.’ सोबत पासपोर्टचा फोटो. बाकीचे दोन उमेदवार पहिल्या पानावर, रंगीत, हात उंचावलेले.

नाना तिसऱ्या नंबरवर फेकले गेले. नोकरी आधीच गेली होती. मग ते ओट्यावर बसून जुने ‘दवंडी’चे अंक वाचत राहायचे. एकदा त्यांनी मुलीला विचारलं, “ऊर्मे, माजं बोलणं येवढं कोरडं हुतं का गं?” गर्दी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण ज्या पेपरात आपली लेक काम करत होती तो पेपर चुकीचं कशाला लिहील, असा त्यांचा हिशेब होता. हळूहळू ते बोलायचेच बंद झाले. दोन वर्षांनी गेले, तेव्हा घरात आधीपासूनच शांतता होती.

होय, उर्मिला तेव्हा ‘दवंडी’त शिकाऊ उपसंपादक होती. वडिलांच्या बातम्या तिच्याच टेबलावरून जायच्या. त्यात आपण पदरचा एक शब्द घातला नाही आणि कुणाला घालू दिला नाही, याचा तिला अजून अभिमान होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा अण्णांच्या टेबलावर आपटला. मग संख्याशास्त्र शिकली, भाषेचं गणित शिकली, लग्नाचा विषय कुणी काढला की उठून जाऊ लागली, आणि शेवटी ज्या चमूने कलमापी बनवला त्यात जाऊन बसली. लोक म्हणायचे, केवढी ध्येयवादी बाई. ध्येय कसलं डोंबलाचं! तिला अण्णा खटावकरांचा कल मोजायचा होता.

कलमापीचं शास्त्र सांगायला सोपं आहे, करायला जड गेलं. फोनच्या कॅमेऱ्याला वाचणाऱ्याचा डोळा कुठे थबकला हे कळतं आणि मनगटावरच्या पट्टीला नाडी कधी वाढली हे कळतं. अशा लाखो वाचकांनी आपखुशीने दिलेल्या नोंदींवरून यंत्रात दहा हजार कृत्रिम वाचक घडवले गेले. त्यात पेन्शनर होते, पानपट्टीवाले होते, फक्त मथळे वाचणारे होते. बातमी आली की यंत्र ती या दहा हजारांना वाचायला देतं आणि उमेदवाराबद्दलचं त्यांचं मत किती सरकलं ते बघतं. मग बातमीतलं नाव काढून तिथे दुसऱ्या उमेदवाराचं घालतं आणि पुन्हा वाचायला देतं. माणूस बदलल्याने लिहिण्याची तऱ्हा बदलली असेल, तर ती इथे पकडली जाते.

पण नुसतं तेवढ्यावर भागत नाही, कारण पेपर जे छापत नाही त्यालाही वजन असतं. म्हणून यंत्र बातमीदाराने पाठवलेली मूळ प्रतही वाचतं आणि छापलेल्या बातमीशी ताडून बघतं. एकाच्या सभेतला रंग पानावर उतरतो आणि दुसऱ्याचा वाटेतच सांडतो, असं असेल तर तो फरक आकड्यात निघतो. तो आकडा म्हणजे कल. शून्य म्हणजे समतोल, उणे म्हणजे उमेदवाराच्या विरुद्ध. शिवाय पानांच्या फायलींमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद असतेच. त्यामुळे एकूण कलातला कुणाच्या हातचा किती, हेही यंत्र वेगळं काढून दाखवतं.

यावर कायदा झाला. निवडणुकीच्या काळात प्रत्येक पेपराने रोजचा कल पहिल्या पानावर छापायचा. प्रत्येक उमेदवाराच्या बातम्यांना एक जबाबदार उपसंपादक नेमायचा. कल उणे आठवर गेला की समतोल अधिकारी पेपराला सावध करू शकतो. करू शकतो, केलंच पाहिजे असं नाही. सलग पाच दिवस उणे बाराच्या खाली राहिला की मात्र आदेश निघतो, आणि तो पेपराला पहिल्या पानावर, कारणांसकट, एकही शब्द न कापता छापावा लागतो. आणखी एक कलम होतं, जे मसुद्यात घालण्यासाठी उर्मिलाने चार वर्षं खपून जोर लावला होता. पेपराचा मालकच उमेदवार असेल, तर त्या पेपराच्या जुन्या निवडणुकांचा कलही काढून मतदानाआधी जाहीर करायचा.

शिरटेकची समतोल अधिकारी उर्मिलाच होती. नेमणुकीच्या फॉर्मवर ‘कोणत्याही वृत्तपत्राशी वा उमेदवाराशी पूर्वसंबंध’ या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिलं होतं.

‘दवंडी’चा जुना साठा यंत्रात भरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी तंत्रज्ञ सलीम मुजावर आकडे घेऊन तिच्या टेबलाशी आला.

“मॅडम, बावीस वर्षांपूर्वीचं निघालं. हणमंत सुतार, उणे एकतीस. बाप रे! एवढा कल मी अजून बघितला नव्हता.”

उर्मिलाने हातातलं पेन खाली ठेवलं. उणे एकतीस! म्हणजे आपण वेडे नव्हतो. नाना कोरडे नव्हते. आता हा आकडा अण्णांच्या नावासकट जाहीर होणार आणि सगळं शिरटेक तो वाचणार.

“हात कुणाचा दाखवतंय?” तिने विचारलं.

सलीमने कागद तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो चांगला माणूस होता.

कागदावर दोन ओळी होत्या. मा. खटावकर: उणे शून्य पॉइंट चार. उ. सुतार: उणे तीस पॉइंट सहा.

“यंत्र चुकलंय,” उर्मिला म्हणाली.

“तीनदा चालवलं, मॅडम.”

मग तिने स्वतःच फायली उघडल्या. बातमीदाराची मूळ प्रत: ‘कुंभार गल्लीत हणमंतनानांनी चावी उंचावताच टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी त्यांना दुसऱ्यांदा तेच सांगायला लावले.’ त्यावर काट. काट मारणाऱ्याचं नाव: उ. सुतार. गर्दीचा फोटो बातमीदाराने जोडला होता. तो काढून पासपोर्टचा लावला: उ. सुतार. आणि अण्णांच्या हातचा पानाचा आराखडा: ‘सुतार, पान एक, तीन कॉलम.’ बदल: ‘पान सहा.’ बदल करणारा: उ. सुतार. एक दिवस नव्हे, सतरा दिवस.

बावीस वर्षं माणूस एखादी गोष्ट मनात घोळवत राहिला की तिचे कोपरे झिजतात आणि ती हातात नीट बसायला लागते. उर्मिलाच्या आठवणीत पान ठरवणारे अण्णा होते, फोटो निवडणारे अण्णा होते. आता ते कोपरे परत उगवले. तिला अण्णांची केबिन आठवली. समोर ठेवलेला चहाचा कप आठवला.

“तुझ्या वडिलांच्या बातम्या तूच बघ,” अण्णा म्हणाले होते. “दुसऱ्या कुणाला दिल्या तर उद्या लोक म्हणतील, दवंडीनं सुतारांवर अन्याय केला. तू बघितल्यास तर कुणाला बोलायला जागाच नाही. तुझ्याइतकं निःपक्षपाती या ऑफिसात दुसरं कोण आहे?”

आणि मग रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, तिच्या टेबलाशी थांबून: “पान एकवर घेऊ या का गं? तुझे वडील आहेत.”

त्या शेवटच्या तीन शब्दांनी बावीस वर्षांची पोर कानापर्यंत लाल व्हायची. आजूबाजूचे माना वळवायचे. ती म्हणायची, नको अण्णा, सहावर जाऊ दे. टाळ्यांची ओळ ठेवली तर लोक म्हणतील, बापाची जाहिरात करते. म्हणून ती काढायची. फोटो काढायची. विशेषणं तर एकही ठेवायची नाही. बातमी जितकी बारीक होईल तितकं तिला स्वतःबद्दल बरं वाटायचं. आणि ते तोंडाने विचारलेलं वाक्य कुठल्याच फायलीत नव्हतं, त्यामुळे यंत्राला ते कधीच सापडणार नव्हतं.

तिने बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाहेर आली तेव्हा ती रडलेली नव्हती, तिचा संताप झाला होता. सुरी आपल्या हातात होती हे खरं. पण ती धार लावून हातात दिली कुणी?

साठ्याच्या पडताळणीवर सही करायला अण्णा दुसऱ्या दिवशी स्वतः आले. अडुसष्ट वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, चेहऱ्यावर जुन्या विद्यार्थिनीला भेटल्यासारखं कौतुक. बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, “काय निघाला कल?”

“तुमचा उणे शून्य पॉइंट चार.”

“वाटलंच होतं.” ते हसले. “आणि तुझा?”

तिने आकड्याचा कागद उलटा करून ठेवला. अण्णांनी तो सुलटा करायला लावला नाही.

“तुम्ही मला रोज विचारायचात,” उर्मिला म्हणाली. “पान एकवर घेऊ का म्हणून.”

“विचारायचो. आणि तू रोज नाही म्हणायचीस.”

“मी नाही म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं.”

“अगं, तीस वर्षं माणसंच तर वाचली.” अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. “हणमंता निवडून येत होता. कुंभार गल्लीची ती सभा मी लांबून बघितली होती. त्याला बिनबोभाट आवरू शकेल असं माणूस गावात एकच होतं. दुसऱ्या कुणी त्याची एक ओळ कापली असती, तर तूच ऑफिस डोक्यावर घेतलं असतंस. चुकतंय का माझं काही?”

“त्यांनी मरेपर्यंत स्वतःला दोष दिला.”

“मी एक शब्द तरी कापला का, उर्मिला? मी काम वाटून दिलं. संपादकाचं कामच ते. हवं तर तुझ्या यंत्राला विचार.” ते उठले, दाराशी थांबले. “जाहीर कधी करतेस आकडे? मतदानाआधी कर म्हणजे झालं. उणे शून्य पॉइंट चारचं पोस्टर छापीन म्हणतो.”

ते गेल्यावर उर्मिलाने ‘दवंडी’च्या संपादक अन्विता खटावकरांना फोन लावून चहाला बोलावलं.

अन्विता सव्वीस वर्षांची होती, चष्मा सारखा वर सरकवायची आणि खुर्चीच्या कडेवर बसायची. वडील उमेदवार झाल्यापासून तिला धड झोप नव्हती. पेपर बापाचा म्हणून गाव काय बोलेल, ही धास्ती. “अण्णांच्या बातम्या मी कदमांकडे देतेय, मॅडम,” ती म्हणाली. “जुने आहेत, सरळ आहेत. मी मध्ये नकोच.”

बरोबर तेच करायला हवं होतं. पोरीला ते न सांगता कळलं होतं.

“कदम चांगलेच आहेत,” उर्मिला म्हणाली. “पण ते तुमच्या पगारावरचे. त्यांनी दोन ओळी बऱ्या लिहिल्या तरी लोक म्हणतील, मालकाला खूश केलं. त्यापेक्षा तुम्हीच बघा. तुम्ही बघितल्यात तर कुणाला बोलायला जागाच नाही.” तिने चहाचा कप पुढे सरकवला. “तुमच्याइतकं निःपक्षपाती मला तरी त्या ऑफिसात कुणी दिसत नाही.”

अन्विताचा चेहरा उजळला. अण्णांचे ते शब्द आपल्या तोंडून ऐकताना उर्मिलाला एक क्षण लाज वाटली, आणि दुसऱ्या क्षणी फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी अण्णांचा ‘दवंडी’तला कल उणे तीन. चौथ्या दिवशी उणे सहा. आठवडा झाला आणि उणे नऊ. उर्मिला सकाळी आल्याआल्या आधी तो आकडा बघायची आणि मग चहा मागवायची. पोर अगदी तयार हाताने कापत होती. अण्णांच्या मिरवणुकीचं ‘फेरी’ झालं. भाषणातले विनोद गेले. ‘खटावकर यांनी शहराच्या विकासाबाबत आपले मत मांडले.’ फोटो पासपोर्टचा. हा शेवटचा तपशील उर्मिलाने कुणाला सुचवला नव्हता. तिने तो अंक घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बसस्टॉपवर उभं राहून दोनदा वाचला.

रोजचा कल छापून येतच होता, पण मालकाचा पेपर मालकाच्याच विरुद्ध झुकला म्हणून गाव उलट कौतुक करत होतं. बघा, केवढी सचोटी! अण्णांना पोरीवर ओरडताही येईना. ओरडले असते तर पेपरात ढवळाढवळ केली म्हणून तेच अडकले असते. सभांना खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. जे लोक सभेला येत नाहीत ते पेपर वाचून ठरवतात, आणि पेपर वाचून वाटायचं, हा म्हातारा काही नवं बोलत नाही.

“मॅडम, उणे आठ ओलांडून चार दिवस झाले,” सलीम म्हणाला. “सावध करायचं ना त्यांना?”

“करू शकतो असं लिहिलंय कायद्यात. वाच नीट.”

“वाचलंय मी.” तो म्हणाला. “पण हे मोजायला आपण बसलोय, मॅडम. घडवून आणायला नाही.”

तिने पुढची फाईल उघडली. सलीम गेला. मग आकडा उणे तेरा झाला आणि तिथेच राहिला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस.

पाचव्या दिवशी दुपारी अन्विता न कळवता आली. हातात उद्याच्या पानाचा कच्चा नमुना होता. चष्म्यामागे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर एक विचित्र तरतरी होती.

“मॅडम, काल रात्री उशिरा गांधी चौकात अण्णांची सभा झाली. खूप दिवसांनी गर्दी होती. तालमीतल्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. अण्णा रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.” तिने कागद पुढे केला. “बातमीदारानं सगळं लिहिलं होतं. मी ते काढलं. फोटोही काढला. काढताना हात जड झाला, म्हणजे मला मोह होत होता, म्हणजे काढायलाच हवं होतं. बरोबर केलं ना मी?”

तिला शाबासकी हवी होती. उर्मिलाच्या जिभेवर ‘अगदी बरोबर’ हे दोन शब्द तयार होते. ते उच्चारले की संपलं होतं. अण्णा आडवे होणार होते, आणि ही पोर पुढची बावीस वर्षं आपण काय काढलं ते आठवत बसणार होती. अण्णांनी त्या केबिनमध्ये चहाचा कप पुढे सरकवला तेव्हा समोरची पोर त्यांना अशीच दिसली असणार. सुजलेल्या डोळ्यांची आणि विश्वास ठेवणारी. आणि तरी त्यांनी कप सरकवला. आपणही सरकवला.

अण्णांची तिला अजूनही दया येत नव्हती. ती आली ती या पोरीची, आणि तिच्यामागून स्वतःची.

“नाही,” उर्मिला म्हणाली. “चूक केलंत. आणि ती चूक मी तुमच्याकडून करून घेतली. बसा. सगळं सांगते.”

तिने सगळं सांगितलं. वॉलमन, कुंभार गल्ली, पान सहा, ‘तुझे वडील आहेत’. आकडे दाखवले, फायली दाखवल्या. शेवटी अन्विताने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “अण्णांनी हे तुमच्यापुढे कबूल केलं?”

“हसत हसत केलं. सही करायला आले त्या दिवशी. पडताळणीचं सगळं बोलणं नियमाप्रमाणे ध्वनिमुद्रित होतं. ऐकायचंय?”

अन्विताने ऐकलं. बापाचा आवाज पोरीला अर्ध्या शब्दात ओळखू येतो. ‘आवरू शकेल असं माणूस गावात एकच होतं’ इथपर्यंत आल्यावर तिने हात वर करून थांबवायला सांगितलं आणि निघून गेली.

संध्याकाळी उर्मिलाने आदेश लिहिला. पाच दिवस पुरे झाले होते, कायद्याप्रमाणे तो निघायलाच हवा होता. वरच्या अर्ध्या भागात अण्णांचं सगळं देणं परत केलं: कापलेल्या सभा, काढलेले फोटो, तालमीतली पोरं, खांदा, अश्रू, काहीही हातचं न राखता. खालच्या अर्ध्या भागात कारणं. हा कल का झुकला: कारण समतोल अधिकारी उर्मिला हणमंत सुतार यांनी सूडबुद्धीने उमेदवाराच्या बातम्या त्याच्या मुलीकडे सोपवायला लावल्या, सावध करण्याची वेळ जाणूनबुजून घालवली, आणि नेमणुकीच्या फॉर्मवर खोटं लिहिलं. ही युक्ती त्या कुठे शिकल्या: बावीस वर्षांपूर्वी ‘दवंडी’त, माधवराव खटावकर यांच्याकडून, स्वतःच्या वडिलांवर. खाली अण्णांचे शब्द, ध्वनिमुद्रणातून जसेच्या तसे. आणि जुना कल, दोन्ही हातांच्या आकड्यांसकट.

नियमाप्रमाणे आदेशही यंत्रातून जावा लागतो. सलीमने तो घातला आणि पडद्याकडे बघत राहिला.

“शून्य! एवढं सगळं लिहूनही शून्य?”

“नाव बदलून बघ. खटावकरांच्या जागी कुणाचंही घाल. वाचणाऱ्याला तेवढाच राग येतो. किती लागतं ते यंत्र मोजत नाही, सलीम. नाव बदललं की कमी-जास्त लागतं का, एवढंच मोजतं.”

“तुमची नोकरी जाईल, मॅडम.”

“जाईलच. मीच तसं लिहिलंय.”

आदेश हातोहात द्यायचा असतो आणि उमेदवार व पेपर दोघांचीही पोच घ्यायची असते. दुसऱ्या दिवशी चार वाजता उर्मिला बावीस वर्षांनी ‘दवंडी’च्या पायऱ्या चढली. अण्णा मुलीच्या केबिनमध्येच होते. त्यांनी उभ्याउभ्या आदेश वाचला. वरचा भाग वाचताना त्यांचा चेहरा खुलला, पोरांनी खांद्यावर घेतल्याच्या ओळीशी आल्यावर तर ते स्वतःशीच हसले. मग ते खालच्या भागावर आले. तिथे त्यांची नजर फार सावकाश चालायला लागली.

“अन्वी,” ते शेवटी म्हणाले, “वरचं सगळं घे. खालचं लांबलंय. आटप जरा.”

“एक शब्द कापता येत नाही, अण्णा. कायदा आहे.”

“कायद्याचं मी बघतो. दंड होईल तो होऊ दे. मतदानाला तीन दिवस राहिलेत.” मग आवाज खाली आणून, ऑफिसातल्या दहा जणांना ऐकू जाईल इतपतच खाली, ते म्हणाले, “मी तुझा बाप आहे.”

अन्विताने त्यांच्याकडे बघितलं. “यातलं एक वाक्य खोटं आहे म्हणून सांगा,” ती म्हणाली. “मी सगळा आदेश केराच्या टोपलीत टाकते. जेलमध्ये जायचं तर मी जाईन.”

अण्णांनी आदेश पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. शब्दांवर तीस वर्षं पोट भरलेल्या माणसाला त्यात एक खोटा शब्द सापडेना. बाहेरचे सगळे टंकायचं थांबून ऐकत होते.

“कदम,” अन्विताने हाक मारली. म्हातारे कदम दारात आले. “अण्णांच्या बातम्या आजपासून तुम्ही बघा. मी त्यांची मुलगी आहे, मी बघणार नाही. हा आदेश पान एकवर.” तिने पेपराच्या पोचेवर सही केली, पर्स उचलली आणि बापाच्या बाजूने, त्यांना धक्काही न लागू देता, बाहेर पडली. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकू येत राहिली.

अण्णा तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. निवडणूक त्यांनी या वरच्या अर्ध्या पानावर जिंकलीही असती कदाचित. त्या क्षणी त्यांना ते आठवतही नव्हतं, आणि उर्मिलाला हे दिसत होतं, आणि दिसत होतं याचं तिला समाधान होतं. ते लपवायचं तिला काही कारण वाटलं नाही.

“तुझंही नाव आहे यात,” अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “तुझीही छी-थू होणार.”

“होणार. म्हणून तर तुमच्या आधी घातलंय.”

तिने पोचेचा कागद टेबलावर ठेवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. अण्णांनी पेन काढलं. टोपण उघडलं. कागदावर टेकवलेलं टोक बराच वेळ हललं नाही. उर्मिला तशीच उभी राहिली, तिला कसलीही घाई नव्हती.